स्टार, प्रश्नचिन्ह आणि सावंगी : वाइल्डकार्ड जुळवणीविषयी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कापूस आणि तुरीची खरेदी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटासाठी तुम्ही नोंदवहीचा प्रोग्रॅम लिहिला आहे. काट्यावर बसणारा माणूस शेतकऱ्याचे किंवा मौजाचे नाव अर्धवट टाकतो आणि प्रोग्रॅम जुळणाऱ्या नोंदी दाखवतो. त्यासाठी स्टार म्हणजे 'कितीही अक्षरे, एकही नसले तरी चालेल' आणि प्रश्नचिन्ह म्हणजे 'नेमके एक अक्षर' असे दोन नियम, म्हणजे दोन वाइल्डकार्डे, तुम्ही ठेवली आहेत. अडचणी तीन आहेत. काही पॅटर्न दिले की प्रोग्रॅम लटकतो, 'सा?गी' दिल्यावर 'सावळी' येणार नाही हे ठीकच, पण 'सावंगी'सुद्धा येत नाही. आणि हे सगळे सोडून रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधण्याची अधिक मोठी तयार चिन्हभाषा, वापरावे काय, असे तुम्ही विचारले आहे. याच क्रमाने उत्तर देतो, मात्र दुसऱ्या अडचणीवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण पहिलीचे उत्तर पुस्तकांत सापडते आणि दुसरीचे सहसा सापडत नाही.

तुमचे फंक्शन रिकर्शनने लिहिलेले आहे, म्हणजे ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारते. पॅटर्नमध्ये स्टार आला की ते दोन वाटा करून पाहते : एकदा स्टारने काहीच गिळले नाही असे धरून पॅटर्न पुढे सरकवते आणि ते फसले तर स्टारने एक अक्षर गिळले असे धरून मजकूर पुढे सरकवते. हे चूक नाही. उत्तर नेहमी बरोबरच येईल, फक्त ते कधी येईल याची खात्री देता येत नाही. काट्यावरच्या माणसाने 'जास्त स्टार म्हणजे जास्त शोध' अशी समजूत करून घेतली असेल (ही समजूत मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे), आणि त्याने सलग १० स्टार दाबून त्यापुढे शेऱ्यात कुठेच नसलेले एखादे अक्षर टाकले, तर ३० अक्षरांच्या एका शेऱ्यासाठी ते फंक्शन ८४ कोटी ७६ लाखांहून अधिक वाटांनी त्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचते आणि प्रत्येक वेळी हात हलवत परत येते. सलग स्टारांचा आधीच एक स्टार करून टाकला तर हा प्रकार थांबतो, पण मूळ दोष जात नाही. समजा मजकूर म्हणजे 'क' हे अक्षर ३० वेळा, आणि पॅटर्न म्हणजे '*क' हे १० वेळा व शेवटी '*ख'. इथे सलग स्टार कुठेच नाहीत, तरी ३० जागांमधून १० जागा निवडण्याच्या जितक्या रीती आहेत तितक्या, म्हणजे ३,००,४५,०१५ रीती, एकेक करून तपासल्या जातात. खऱ्या नोंदीत तीस 'क' सलग कोण लिहील, हे मान्य. पण मराठी मजकुरात काना, वेलांटी आणि स्पेस इतक्या वेळा येतात की लांबलचक शेऱ्यावर याचीच सौम्य आवृत्ती रोज घडते.

उपाय रिकर्शन सोडून देणे हा आहे, आणि तो लिहायला तुमच्या आताच्या कोडपेक्षा फार मोठा नाही. एक बोट मजकुरावर ठेवा आणि एक पॅटर्नवर. त्याखेरीज दोन खुणा लक्षात ठेवा : शेवटचा स्टार पॅटर्नमध्ये कुठे दिसला, आणि त्या वेळी मजकुरावरचे बोट कुठे होते. पॅटर्नमध्ये स्टार आला की या दोन्ही खुणा नव्याने नोंदवा आणि फक्त पॅटर्नवरचे बोट पुढे घ्या, म्हणजे स्टारने अजून काहीच गिळलेले नाही असे धरा. अक्षर जुळले किंवा पॅटर्नमध्ये प्रश्नचिन्ह असले तर दोन्ही बोटे पुढे घ्या. जुळले नाही आणि मागे एखादा स्टार दिसून गेलेला असेल, तर मजकुराची खूण एकाने पुढे सरकवा, मजकुरावरचे बोट त्या खुणेवर आणा आणि पॅटर्नवरचे बोट स्टारच्या लगेच पुढे आणा. जुळलेही नाही आणि मागे स्टारही नाही, तर उत्तर 'नाही'. मजकूर संपल्यावर पॅटर्नमध्ये उरलेले स्टार ओलांडून जा. त्यानंतर पॅटर्नही संपला असेल तर उत्तर 'होय'.

हे कागदावर एकदा करून पाहावे. पावती क्रमांक '१०००७' आणि पॅटर्न '*००७' घ्या. स्टार दिसला, खूण मजकुराच्या पहिल्या अंकावर. पॅटर्नमधला शून्य आणि मजकुरातला एक जुळत नाहीत, म्हणून खूण दुसऱ्या अंकावर. आता शून्याला शून्य, पुढच्या शून्याला शून्य, आणि मग पॅटर्नमधल्या साताला मजकुरातला तिसरा शून्य भेटतो व जुळणी तुटते. इथे पुष्कळ जण मजकुरावरचे बोट जिथल्या तिथे ठेवून फक्त पॅटर्न मागे नेतात. तसे केले तर एक शून्य हातचा जातो आणि '१०००७' सापडत नाही. बोट खुणेच्या पुढच्या जागी, म्हणजे तिसऱ्या अंकावर आणले पाहिजे. तिथून शून्य, शून्य, सात असे तिन्ही जुळतात, दोन्ही एकदम संपतात आणि उत्तर 'होय' येते.

फक्त शेवटच्या स्टारची खूण ठेवून कसे भागते, त्याच्या आधीच्या स्टारांकडे परत जावे लागणार नाही काय, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर समजून घेतल्याशिवाय हे कोड वापरू नये. दोन स्टारांच्या मधला तुकडा आपण मजकुरात शक्य तितक्या लवकरच्या जागी जुळवलेला असतो. तो तुकडा आणखी उजवीकडे जुळवला तर पुढच्या स्टारला मिळणारा मजकूर कमीच होणार. जास्त मजकूर हातात असताना जे जमले नाही ते कमी मजकुरात जमण्याचा संभव नाही, कारण पुढचा स्टार तो जादा मजकूर स्वतःही गिळू शकत होताच. म्हणून मागच्या स्टारकडे परत जाण्याने काहीही हाती लागत नाही. कामाचे माप आता जास्तीत जास्त मजकुराची लांबी गुणिले पॅटर्नची लांबी इतके राहते. वरच्या तीस 'क'च्या उदाहरणात तर शंभराच्या आत पायऱ्यांमध्ये निकाल लागतो.

या कोडमध्ये एक बारीक चूक हमखास आढळते आणि नेटवरून उचललेल्या कितीतरी नमुन्यांत ती आहे. आधी 'दोन्हीकडचे चिन्ह सारखे आहे काय' हे तपासले आणि 'पॅटर्नमध्ये स्टार आहे काय' हे नंतर तपासले, तर मजकुरातच स्टार असला की गोंधळ होतो : दोन्हीकडे स्टार, म्हणून 'सारखे' ठरून बोटे पुढे जातात आणि पॅटर्नमधला स्टार वाइल्डकार्ड म्हणून नोंदलाच जात नाही. आपल्याकडे वहीत उधारीच्या नोंदीपुढे किंवा मागे फुली मारण्याची रीत आहे आणि तीच पुढे कॉम्प्युटरवर स्टार म्हणून उतरते. अशा '*वडगाव' या नोंदीवर नुसता '*' हा पॅटर्नसुद्धा 'नाही' असे उत्तर देतो. स्टारची तपासणी सर्वांत आधी करा. आणि काट्यावरच्या माणसाला उधारीचा तोच स्टार शोधायचा असेल, तर त्याच्यासाठी एखादे बचावचिन्ह, म्हणजे 'पुढचे चिन्ह साधेच समजा' असे सांगणारे चिन्ह, ठेवा; उलटा स्लॅश चालतो, एक्सेलमध्ये हेच काम '~' करते आणि ज्यांचा हात एक्सेलवर बसला आहे त्यांना ते लवकर पटते.

आता सावंगीकडे येतो. वर्ध्याजवळच्या सावंगीचे नाव लिहिताना डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात : सा, वं, गी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, मात्र ते सहा कोडपॉइंट, म्हणजे क्रमांक दिलेली सहा सुटी चिन्हे, आहेत : स, काना, व, अनुस्वार, ग, वेलांटी. तुमचे प्रश्नचिन्ह एक कोडपॉइंट गिळते, म्हणजे 'व' गिळते, आणि पुढे पॅटर्नमध्ये 'ग' अपेक्षित असताना मजकुरात अनुस्वार उभा असतो. 'सा?ळी' दिल्यावर 'सावळी' सापडते ती केवळ तिथे 'व'वर काही नाही म्हणून. 'वर्धा' पाहा : व, र, हलन्त (पाय मोडल्याची खूण), ध, काना असे पाच कोडपॉइंट, आणि शाळेत शिकलेल्या कोणालाही ती दोन अक्षरे वाटतात. (मजकूर जर बाइटच्या पातळीवर हाताळला जात असेल तर याहून वाईट, कारण यूटीएफ-८ या साठवणुकीच्या रीतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो आणि मग एका 'व'साठी तीन प्रश्नचिन्हे लागतात.)

यावर सरळ सुचणारा उपाय असा की मजकूर आणि पॅटर्न दोन्ही आधी अक्षरांच्या तुकड्यांत तोडावेत आणि तुकड्याला तुकडा जुळवावा. मी स्वतः प्रथम हेच केले होते आणि मागे घेतले. त्याची कारणे सांगतो.

पहिले कारण असे की तयार लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले कोड, कोणत्या तुकड्याला एक अक्षर मानतात हे आवृत्तीनुसार बदलते. युनिकोडच्या जुन्या नियमांप्रमाणे जोडाक्षर हलन्तापाशी तुटत असे, म्हणजे 'वर्धा'चे व, र्, धा असे तीन तुकडे होत. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ पासून देवनागरीतले जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम आला आणि तेच नाव दोन तुकड्यांचे झाले. गटाच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकावर एक उत्तर आणि तुमच्या लॅपटॉपवर दुसरे, असे त्यामुळे होऊ शकते. दुसरे कारण पॅटर्नमध्ये आहे. कोणी 'ी'ने संपणारी नावे हवीत म्हणून '*ी' लिहिले, तर वेलांटी ही मागच्या चिन्हाला चिकटणारी खूण असल्यामुळे तोडणारी लायब्ररी स्टार आणि वेलांटी मिळून एकच तुकडा करते, आणि तुमचा स्टार त्यात नाहीसा होतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या भागात 'पिपरी' असे लिहितात, पुण्याकडच्या माणसाने फॉर्म भरला तर तो सवयीने 'पिंपरी' लिहितो, आणि नोंदवहीत दोन्ही असतात. 'पि*परी' हा पॅटर्न कोडपॉइंटच्या पातळीवर दोन्ही शोधून देतो, कारण स्टार एकदा काहीच गिळत नाही आणि एकदा फक्त अनुस्वार गिळतो. तुकडे पाडून जुळवले तर 'पिं' हा तुकडा 'पि'पेक्षा वेगळा ठरतो आणि पिंपरी हातची जाते. तसेच टाइप करता करता शोध चालू असेल तर 'वर' एवढ्यावर 'वरोरा' दिसायला हवे. तुकड्यांच्या पद्धतीत 'र' आणि 'रो' वेगळे, म्हणून ते दिसत नाही.

म्हणून मी स्टार आणि अक्षरे कोडपॉइंटवरच ठेवतो आणि फक्त प्रश्नचिन्हाला अक्षर म्हणजे काय हे शिकवतो. स्टारला एक अक्षर कुठे संपते हे कळण्याची गरजच नसते. 'नेमके एक' असे वचन देतो तो प्रश्नचिन्ह. जुळवणी सुरू करण्याआधी मजकुरावरून एकदा फिरून प्रत्येक अक्षर कुठे सुरू होते आणि पुढचे कुठे, याची एक यादी करून ठेवा. प्रश्नचिन्ह आले की मजकुरावरचे बोट अक्षराच्या सुरुवातीवर आहे काय ते पाहा. असेल तर बोट एकाने पुढे न नेता पुढच्या अक्षराच्या सुरुवातीवर न्या, नसेल तर जुळले नाही असे समजा. एवढ्या बदलाने 'सा?गी' हा पॅटर्न 'सावंगी' शोधतो. शेवटच्या स्टारचा वरचा युक्तिवादही टिकतो, कारण आधी सुरू झालेली उडी नंतर सुरू झालेल्या उडीच्या पलीकडे कधीच पडत नाही. लवकर जुळलेला तुकडा लवकरच संपतो.

अक्षराची व्याख्या लायब्ररीवर न सोडता स्वतः लिहावी असे माझे मत आहे, आणि मराठीपुरती ती लहान आहे. एक व्यंजन, त्याला नुक्ता (खालचे टिंब) असल्यास तो, त्यानंतर हलन्त आणि व्यंजन अशी जोडी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा, मग असल्यास मात्रा, मग असल्यास अनुस्वार, चंद्रबिंदू किंवा विसर्ग. स्वतंत्र स्वर असेल तर तो आणि त्यावरचा अनुस्वार किंवा चंद्र. शेवटी पाय मोडलेले व्यंजन, जसे 'श्रीमान्' मधले, हे आपल्या हलन्तासह एक अक्षर. जोडणारी आणि तोडणारी अदृश्य चिन्हे, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर, जिथे येतील तिथे त्याच अक्षराचा भाग. याखेरीज जे काही येईल, अंक, कंस, स्पेस, ते प्रत्येकी एक.

तरीही काही नोंदी सापडणार नाहीत, आणि त्याचे कारण जुळवणीत नसून टाइप करण्यात असते. आपल्या 'वऱ्हाड'चेच घ्या. त्यातला डोळ्यांच्या पापणीसारखा अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो : एक म्हणजे ०९३१ क्रमांकाचा वेगळा ऱ आणि हलन्त, दुसरा म्हणजे नेहमीचा ०९३० क्रमांकाचा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात आणि तुलनेत कधीच सारखे ठरत नाहीत. ज्या नोंदवहीत 'शेतकऱ्याचे नाव' हाच रकाना आहे तिथे हा अर्धा र किती वेळा येतो हे वेगळे सांगायला नको. 'ॲ'ची गोष्ट तशीच : ०९७२ क्रमांकाचे एक अक्षर, किंवा 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे. युनिकोडचे एनएफसी नावाचे प्रमाणीकरण आधी चालवावेच, ते र आणि नुक्ता मिळून आलेल्या ऱ ला एकरूप करते. पण वरच्या दोन्ही जोड्या ते एक करत नाही, त्यासाठी बदलीचा तक्ता तुम्हालाच ठेवावा लागेल. ही साफसफाई नोंद साठवतानाही करा आणि पॅटर्नवरही करा. एकाच बाजूने केली तर आधी जुळणारे तेवढेही जुळायचे बंद होईल. 'पूर' आणि 'पुर' यांचा ऱ्हस्व-दीर्घ घोळ मात्र मूळ नोंदीत दुरुस्त करू नये. दर्यापूर कोणी दर्यापुर लिहिले असेल तर त्याची नोंद तशीच ठेवून शोधासाठी वेगळा रकाना करावा आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ एक करून टाकावेत. कारण सातबारावर जसे नाव आहे तसेच पावतीवर उमटले नाही तर पुढे बँकेत अडते. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या हाती आल्या तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आतून ती रोमन अक्षरेच असतात आणि त्यांवर यातले काहीही लागू पडत नाही.

चौकटी कंसांची सोय, म्हणजे कंसातल्यापैकी कोणतेही एक, तुम्ही अजून दिलेली नाही. मराठीसाठी ती देऊच नये असे मी म्हणेन. '[क्ष]' लिहिणाऱ्याला क्ष हवा असतो आणि कंसात प्रत्यक्षात क, हलन्त आणि ष असे तीन पर्याय असतात. '[य-ह]' या टप्प्यात ळ मध्येच येतो, कारण युनिकोडमध्ये त्याची जागा ल च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेप्रमाणे ह च्या पुढे नाही. आणि ऱ देखील न मागता आत येतो. अंकांसाठी कंस द्यायचेच झाले तर देवनागरी ० ते ९ आणि इंग्रजी अंक हे दोन वेगळे टप्पे आहेत हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा गट नंबर आणि पावती क्रमांक साठवतानाच एका प्रकारच्या अंकांत आणणे सोपे.

रेग्युलर एक्स्प्रेशन वापरावे काय, या प्रश्नाचे उत्तर मी 'तुमच्या कामासाठी गरज नाही' असे देईन. दोहोंमधला स्टार एकसारखा दिसत असला तरी अर्थ वेगळा आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला स्टार, ज्याला गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांच्या नावाने ओळखतात, तो आपल्या मागच्या चिन्हाची पुनरावृत्ती सांगतो. वाइल्डकार्डचा स्टार स्वतःच मजकुराच्या जागी उभा असतो. हा दुसरा अर्थ युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधून आपल्यापर्यंत आला. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम, हे काम स्वतः करत नसे. ग्लॉब नावाचा वेगळा प्रोग्रॅम स्टार आणि प्रश्नचिन्हाच्या जागी फायलींची नावे भरून देत असे, आणि म्हणून या प्रकाराला आजही ग्लॉब म्हणतात. वाइल्डकार्डचे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये रूपांतर करणे सोपे दिसते, स्टारच्या जागी टिंब-स्टार आणि प्रश्नचिन्हाच्या जागी टिंब, पण बाकीच्या चिन्हांचे काय? 'सावंगी (मेघे)' हे नाव तसेच्या तसे पुढे पाठवले तर त्यातला कंस गट करणारे चिन्ह ठरतो आणि कंसासह लिहिलेली सावंगी कधीच सापडत नाही. शेऱ्यात कोणी एंटर दाबून दोन ओळी लिहिल्या असतील तर टिंब पहिल्या ओळीपाशी थांबते.

आणि ज्या लटकण्याने तुम्ही त्रस्त आहात ते इथेही सुटत नाही. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन, यांनी १९६८ मध्येच मागे न फिरता शोधण्याची रीत प्रसिद्ध केली होती, तरी रेग्युलर एक्स्प्रेशन चालवणारी, आज प्रचारात असलेली बहुतेक इंजिने मागे फिरूनच चालतात आणि अनेक स्टार असलेल्या पॅटर्नवर अडकतात. प्रोग्रॅमर रस कॉक्स यांनी २०१७ मध्ये निरनिराळ्या ग्लॉब अंमलबजावण्यांची वेळ मोजून दाखवली, तेव्हा त्यांतल्या काही याच दोषाने घातांकी, म्हणजे पटीपटीने वाढणारा, वेळ घेत होत्या. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत फायलींच्या नावांसाठी असलेल्या जुळवणीत यावरचा उपाय ३.९ या आवृत्तीत आला. म्हणजे तुमच्या रिकर्शनमधली चूक फार मोठमोठ्या लोकांनीही केलेली आहे.

डेटाबेस एसक्यूलाइट आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून थोडे त्याविषयी. तिथे जुळवणीसाठी लाइक आणि ग्लॉब अशा दोन्ही आज्ञा आहेत. लाइकमध्ये स्टारच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि प्रश्नचिन्हाच्या जागी अंडरस्कोर. काट्यावरच्या शेऱ्यात 'ओलावा १२%' अशी नोंद असते आणि कोणी '१२%' शोधले तर लाइक त्या चिन्हाला वाइल्डकार्ड समजते व १२ ने सुरू होणारे सगळेच आणून टाकते. म्हणून माणसाने टाइप केलेले कधीही जसेच्या तसे लाइकला देऊ नये, बचावचिन्ह ठरवून देणारे एस्केपचे कलम वापरावे. ज्या पॅटर्नची सुरुवात ठाम आहे, जसे 'वड*', त्याला इंडेक्सचा, म्हणजे डेटाबेसने आधीच लावून ठेवलेल्या क्रमवार सूचीचा, उपयोग होतो. एसक्यूलाइटमध्ये लाइक मूलतः इंग्रजी लहान-मोठी अक्षरे एक मानते आणि त्यामुळे साध्या इंडेक्सला मुकते. देवनागरीत लहान-मोठे काही नाहीच, तेव्हा ग्लॉब वापरला तर तोच साधा इंडेक्स कामी येतो. स्टारने सुरू होणाऱ्या पॅटर्नला इंडेक्स मदत करत नाही, पण दहा-बारा हजार नावांची यादी आजचा साधा संगणकही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता पाहता चाळतो. त्यासाठी मेहनत घेऊ नका. एसक्यूलाइट पॅटर्नची लांबी मुळातच ५०,००० बाइटपर्यंत मर्यादित ठेवते. तुम्ही तुमच्या शोधचौकटीत ६० अक्षरांची मर्यादा घालावी. गावाचे नाव त्यात मावते.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये बॅकअपच्या जुन्या फायली वाइल्डकार्डने पुसण्याचे बटण आहे असे दिसले, म्हणून एक स्वतःची फजिती सांगतो. एका जिनिंगमध्ये हंगामानंतर जुन्या धाटणीच्या एक्सएलएस फायली काढून टाकायच्या होत्या, नव्या एक्सएलएसएक्स ठेवायच्या होत्या. मी विंडोजच्या कमांड खिडकीत 'डिलीट'पुढे स्टार, टिंब आणि ती तीन अक्षरे दिली आणि दोन्ही प्रकारच्या फायली गेल्या. कारण असे की विंडोज, जिथे ती सोय चालू असेल तिथे, प्रत्येक लांब नावाच्या फायलीला डॉसच्या काळातले आठ अधिक तीन अक्षरांचे एक छोटे नावही देऊन ठेवते, आणि त्या छोट्या नावात चार अक्षरी विस्ताराची तीनच अक्षरे उरतात. पॅटर्न दोन्ही नावांशी ताडून पाहिला जातो. पेनड्राइव्हवर आदल्या रात्रीची प्रत होती, म्हणून मुनीमजींना चहा पाजण्यावर निभावले. तेव्हापासून पुसण्याच्या कामात मी सिस्टिमच्या जुळवणीवर विसंबत नाही : फायलींची पूर्ण यादी घेतो, स्वतःच्या फंक्शनने निवडतो, निवडलेली नावे पडद्यावर दाखवतो आणि मगच पुसतो. लिनक्सवर सर्व्हर ठेवणार असाल तर तिथली उलटी सवयही जाणून घ्या. बॅश शेलमध्ये पॅटर्नला एकही फाइल जुळली नाही तर तो पॅटर्न स्टारसकट तसाच्या तसा प्रोग्रॅमला नाव म्हणून दिला जातो.

नवे फंक्शन लिहून झाले की पुढील जोड्या चालवून पाहा. '*००७' आणि '१०००७', उत्तर होय. 'सा?गी' आणि 'सावंगी', होय. तोच पॅटर्न आणि 'सागी', नाही. 'पि*परी' दोन्ही पिपऱ्यांसाठी होय. '?र्धा' आणि 'वर्धा', होय; '??' आणि 'वर्धा', होय, '???' आणि 'वर्धा', नाही. 'सा?' आणि 'सां', नाही, कारण तिथे बोट अक्षराच्या मध्ये उभे आहे. '*' आणि '*वडगाव', होय. '*ी' आणि 'सावळी', होय. तीस 'क' आणि वरचा '*क…*ख' पॅटर्न, नाही, आणि तेही एंटरवरून बोट उचलायच्या आत. रिकामा पॅटर्न फक्त रिकाम्या मजकुराला जुळतो, हे फंक्शनमध्ये तसेच राहू द्या. शोधचौकट रिकामी असताना सगळी यादी दाखवायची असेल तर ते काम फंक्शनला हाक मारण्याआधी, चौकटीच्या कोडमध्ये करा.